कॉलेजात 'कौशल्य' आलं, पण अकलूजच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक आहे का?

अकलूज : बारावीचा निकाल लागला की अकलूजमध्ये दोन ठिकाणी हमखास गर्दी दिसते. एक झेरॉक्सच्या दुकानात, दुसरी सेतू केंद्रात. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेयर, जातीचा दाखला, आधार, फोटो. हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बाप उभा असतो, शेजारी पोरगी मोबाइलवर कॉलेजची यादी बघत असते. आणि प्रश्न एकच असतो, "नक्की कशाला घालायचं?"

काही वर्षांपूर्वी या प्रश्नाला आर्ट्स, कॉमर्स, सायन्स अशी तीन उत्तरं होती. आता यादी वाढली आहे. बी.कॉम. आहे, बीबीए आहे, बी.व्होक. आहे. त्यात 'मेजर', 'मायनर', 'व्हीएससी', 'एसईसी', 'ओजेटी' असे शब्द आले. एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर पदवी असंही सांगितलं जातं. ऐकायला सगळं चांगलं वाटतं. पण माळशिरस तालुक्यातल्या घराला एवढंच कळायला हवं असतं, की यातून पोराच्या हाताला काम लागणार का?

कागदावर धंदेशिक्षणाची शिडी आता बऱ्यापैकी तयार आहे. दहावीनंतर पाय ठेवायला जागा आहे, बारावीनंतर आहे, पदवीनंतरही आहे. मात्र शिडीची शेवटची पायरी कॉलेजात नसून बाजारपेठेत, कारखान्यात, पतसंस्थेत आणि दूध संकलन केंद्रात आहे. ती पायरी बसली नाही, तर वरचं सगळं कागदावरच राहतं. म्हणून आधी शिडी नीट बघू, मग त्या शेवटच्या पायरीकडे येऊ.

पहिली पायरी : दहावीनंतर

अकरावी-बारावीला धंद्याशी जोडलेलं शिक्षण ही काही नवी गोष्ट नाही. महाराष्ट्रात 1988-89 पासून किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम सुरू झाले. लोक त्याला 'एमसीव्हीसी' म्हणूनच ओळखतात. पुढे त्याचं रूप बदललं आणि नाव एचएसव्हीसी झालं, म्हणजे उच्च माध्यमिक व्यवसाय अभ्यासक्रम. यात तांत्रिक, कृषी, आरोग्य असे गट आहेत आणि वाणिज्य गटही आहे. वाणिज्य गटात हिशेब आणि ऑफिसचं काम, मार्केटिंग आणि रिटेल, मालाची ने-आण आणि साठवणूक असे विषय येतात.

गावाकडे या अभ्यासक्रमाकडे बघायची नजर मात्र फारशी चांगली नाही. "सायन्सला मार्क पडले नाहीत म्हणून तिकडं गेला" असं बोललं जातं. हे चूक आहे आणि त्यात नुकसान पोरांचंच आहे. वाणिज्य गटातून बारावी झालेल्या मुलाला पुढे बी.कॉम.चा रस्ता खुला असतो. शिवाय अॅप्रेंटिस कायद्यात बारावी व्होकेशनल झालेल्यांसाठी वेगळा प्रकार ठेवलेला आहे. 2019 च्या नियमांनुसार त्यांना दरमहा किमान 7 हजार रुपये विद्यावेतन धरलेलं आहे. म्हणजे अठराव्या वर्षी कायद्याने मान्य केलेली शिकाऊ जागा मिळू शकते. पण हे माहीत किती घरांना असतं?

मुलींच्या बाबतीत या पायरीला आणखी एक महत्त्व आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत मिळतो. बारावी झाली की हा मोफत पास संपतो. विद्यार्थी सवलतीचा पास मिळतो, पण त्याला पैसे मोजावे लागतात. ज्या घरात दोन मुली शिकतात तिथे हा खर्च बोचतो. अशा घरातल्या मुलीला बारावीपर्यंत हिशेबाचं पक्कं काम हातात आलं असेल, तर पुढचं शिक्षण थांबवायची वेळ आली तरी ती रिकाम्या हाताने घरी बसत नाही.

दुसरी पायरी : पदवीची तीन वर्षं

मोठा बदल इथे झाला आहे. नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये आलं. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत ते 2023-24 पासून आणि विद्यापीठांना जोडलेल्या बाकीच्या कॉलेजांत 2024-25 पासून लागू झालं. अकलूजची बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. शिकवणारी कॉलेजं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाला जोडलेली. त्यामुळे इथल्या साध्या बी.कॉम.च्या मुलालाही आता कौशल्याचे पेपर आहेत.

नवीन शब्दांचा अर्थ सोपा करून सांगायचा तर असा :

- मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय.
- व्हीएससी म्हणजे मुख्य विषयाशी जोडलेलं धंद्याचं कौशल्य. बी.कॉम.ला समजा संगणकावर हिशेब किंवा कराचं काम.
- एसईसी म्हणजे कुठेही उपयोगी पडणारं कौशल्य.
- ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन शिकणं. सर्वसाधारण आराखड्यात तिसऱ्या वर्षी त्याला 4 क्रेडिट आहेत.

एका क्रेडिटला कामाचे 30 तास धरले जातात. म्हणजे ओजेटीचे 120 तास. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

एका वर्षानंतर बाहेर पडायची सोय आहे, पण ती सरसकट नाही. ठरलेली क्रेडिट पूर्ण करून वर आणखी 4 क्रेडिटचं कौशल्याचं काम किंवा इंटर्नशिप केली तर सर्टिफिकेट मिळतं. दोन वर्षांनंतर याच पद्धतीने डिप्लोमा. ही क्रेडिट 'अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा राहतात आणि सात वर्षांपर्यंत वापरता येतात. लग्न, घरातलं आजारपण, शेतीची अडचण यामुळे पोरगी मधेच थांबली तर तिचं वर्ष पाण्यात जात नाही. ही खरोखर चांगली गोष्ट आहे.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एका वर्षाचं सर्टिफिकेट किंवा दोन वर्षांचा डिप्लोमा म्हणजे पदवी नव्हे. बँकेची क्लार्कची परीक्षा असो नाहीतर राज्यसेवा, जिथे 'पदवीधर' लिहिलंय तिथे पदवीच लागते. "वर्षभर शिकलं तरी चालतंय" असं समजून कोणी थांबू नये. ही सोय अडचणीत सापडलेल्यासाठी आहे.

बीबीए घेणाऱ्यांनी हे आधी वाचावं

बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम 2024-25 पासून एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांना सीईटी लागू झाली. पहिल्याच वर्षी खेड्यापाड्यातल्या अनेक मुलांना हे वेळेत कळलं नाही. राज्यात जागा रिकाम्या राहिल्या, जादा सीईटी घ्यावी लागली. काही ठिकाणी अभ्यासक्रमाचं नाव बदलून बी.कॉम.च्या नावाखाली तोच विषय सुरू झाला.

नावात काय आहे, असं म्हणून चालणार नाही, कारण पैशाचा फरक पडतो. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला पाहिजे. म्हणजे सीईटी चुकली आणि मागच्या दाराने प्रवेश घेतला तर ही सवलत हातची जाते. त्यामुळे बारावीचा निकाल लागल्यावर नव्हे, तर बारावीत असतानाच, सीईटीचा फॉर्म सुटतो तेव्हा घरात ही चर्चा झाली पाहिजे.

बी.व्होक. ही तिसरी वाट. यूजीसीने ती 2014 मध्ये आणली. यात साधारण 60 टक्के भाग कौशल्याचा आणि 40 टक्के सामान्य शिक्षणाचा असतो. "ही खरी पदवी आहे का?" असं पालक विचारतात. होय, आहे. कोणत्याही शाखेची पदवी चालते अशा परीक्षांना बी.व्होक. चालते, असं यूजीसीने कळवलेलं आहे. मात्र बी.व्होक.चा सगळा जीव त्या 60 टक्क्यांत आहे. तिथे यंत्र, संगणक, माल, गिऱ्हाईक काहीच नसेल आणि फळ्यावरच कौशल्य शिकवलं जात असेल, तर साधं बी.कॉम. बरं.

तिसरी पायरी : पदवीनंतर

पदवी झाली की बहुतेक मुलं एम.कॉम., एमबीए किंवा स्पर्धा परीक्षा या तीन रस्त्यांना लागतात. चौथा रस्ता अॅप्रेंटिसशिपचा आहे आणि कॉमर्सच्या मुलांना तो फारसा माहीत नसतो. अॅप्रेंटिस म्हटलं की आयटीआयचा फिटर, वायरमन डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात पदवीधरही अॅप्रेंटिस होऊ शकतो. 2019 च्या नियमांनुसार पदवीधराला दरमहा किमान 9 हजार रुपये विद्यावेतन आहे आणि केंद्राच्या योजनेतून किमान रकमेतला निम्मा वाटा सरकार देतं.

याच नियमांत एक महत्त्वाची तरतूद आहे. 30 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेने अॅप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. कंत्राटी माणसंसुद्धा या मोजणीत धरली जातात. प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. चार ते 29 माणसं असतील तर ऐच्छिक. आता अकलूज परिसरात 30 पेक्षा जास्त माणसं असलेली किती ठिकाणं आहेत, हे ज्याचं त्याने मोजावं. साखर कारखाने, दूध संघ, मोठी हॉस्पिटलं, शोरूम, पतसंस्था. यादी लहान नाही.

राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही 2024 मध्ये आली. बारावी झालेल्याला 6 हजार, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला 8 हजार, पदवीधराला 10 हजार रुपये महिना. आधी सहा महिने, नंतर मुदत वाढवून 11 महिने. अनेकांना ग्रामपंचायत, शाळा, सरकारी कार्यालयात काम मिळालं. पण मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न राज्यभरातल्या प्रशिक्षणार्थींनी आंदोलनं करून विचारला. त्यातून घ्यायचा धडा साधा आहे. विद्यावेतन मिळालं म्हणजे नोकरी लागली असं नसतं. त्या महिन्यांत काय हाती आलं ते पुढे कामाला येतं.

ऊसबिलाची पावती हेच पुस्तक

शिडी अशी आहे. मग अडतंय कुठे? एक साधं उदाहरण घेऊ.

माळशिरस तालुका उसाचा. समजा एखाद्या घरातून 60 टन ऊस गेला. ऊसबिलाची पावती आली. 2025-26 च्या हंगामाला केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये एफआरपी ठरवली, म्हणजे टनाला 3,550 रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. उतारा जास्त असेल तर दर वाढतो. आता त्या घरातल्या बी.कॉम.च्या मुलाला विचारा, "आपल्याला टनामागं किती पडायला पाहिजे?" किती जणांना सांगता येईल?

पुढे जाऊ. ऊस नियंत्रण आदेश 1966 नुसार ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर 15 टक्के वार्षिक दराने व्याज. समजा सगळी वजावट जाऊन टनाला 2,700 रुपये हातात यायचे आहेत. 60 टनांचे झाले 1 लाख 62 हजार. मुदतीनंतर 30 दिवस उशीर झाला, तर व्याज होतं सुमारे 2 हजार रुपये. हा हिशेब अकरावीच्या पुस्तकातल्या सरळव्याजाचा आहे. पण पुस्तकातलं गणित आणि कपाटातली पावती यांची गाठ कोणी घालून दिलेली नसते.

दुसरं उदाहरण गुळाचं. सुटा गूळ विकला तर जीएसटी नाही. तोच गूळ पाकिटात भरून लेबल लावून विकला की 5 टक्के जीएसटी लागतो. ताज्या डाळिंबाला जीएसटी नाही, पण त्याचा रस काढून बाटलीत भरला की कर आला. फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला 20 लाखांपर्यंत उलाढाल असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. मात्र करपात्र माल राज्याबाहेर पाठवायला लागलात की नियम बदलतो. गावातल्या महिला बचत गटाला, नव्या शेतकरी उत्पादक कंपनीला, चुलत्याच्या कृषी सेवा केंद्राला नेमकं हेच विचारायचं असतं. आणि जीएसटीच्या पेपरला 70 मार्क पडलेला पुतण्या म्हणतो, "सीएला विचारा."

यात पोराची चूक कमी आहे. त्याने पेपर दिला, पण खरं बिल कधी हातात घेतलं नाही. रिटर्न भरताना चूक झाली की काय होतं, हे त्याने पाहिलेलं नाही. उधारी कशी मागायची आणि कोणाला द्यायची नाही, हे कोणत्याही पुस्तकात नसतं. ते दुकानात बसल्यावरच कळतं.

धंदा शिकवणारी जुनी शाळा इथेच होती

खरं तर हा परिसर धंदा करत करत शिकलेल्यांचा आहे. अकलूजजवळच माळीनगर आहे. सासवडहून आलेल्या माळी बागायतदारांनी 1930 च्या दशकात इथे स्वतःचा साखर कारखाना उभा केला. शेअर, संचालक मंडळ, ताळेबंद, मशिनरीची खरेदी, बँकेचं कर्ज हे सगळं शेतकऱ्यांनी काम करता करता अंगवळणी पाडलं. पुढे शंकरराव मोहिते-पाटील यांच्या पुढाकाराने सहकार उभा राहिला. 1948 मध्ये स्थापन झालेल्या शिक्षण प्रसारक मंडळाने शाळा-कॉलेजं काढली. कारखाना आणि कॉलेज एकाच मातीत आणि एकाच काळात वाढले.

मग कारखान्याचं हिशेब खातं आणि कॉलेजचा कॉमर्स विभाग यांच्यात जाणं-येणं आज किती आहे? प्रश्न एका संस्थेचा नाही. हे चित्र जवळजवळ सगळ्या तालुक्यांत आहे. दोन्हीकडे माणसं ओळखीची, अंतर दोन-चार किलोमीटरचं, पण विद्यार्थी तिथे वर्षातून एकदा 'भेट' म्हणून जातो, फोटो काढतो आणि परत येतो.

जर्मनीत काय होतं?

या बाबतीत जर्मनीचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे धंदेशिक्षण घेणारा मुलगा आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत काम करतो आणि एक-दोन दिवस शाळेत शिकतो. कंपनी त्याच्याशी लेखी करार करते आणि त्याला पैसे देते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या कागदातच आकडे दिलेले आहेत. 19 ते 24 वयाच्या कामकरी लोकांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले भारतात 5 टक्क्यांपेक्षाही कमी. अमेरिकेत 52 टक्के, जर्मनीत 75 टक्के, दक्षिण कोरियात तब्बल 96 टक्के. भारताचा आकडा बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळातला आहे, पण दरी केवढी होती ते त्यावरून कळतं.

जर्मनीची नक्कल अकलूजला जशीच्या तशी होणार नाही. तिथे मोठे उद्योग आहेत, त्यांच्या संघटना आहेत. इथला मालक दोन नोकरांवर दुकान चालवतो. त्याला पोरगं शिकवायला वेळ नाही. शिवाय "हिशेबाची वही परक्या पोराला कशी दाखवू?" ही भीती आहे, आणि ती खोटी नाही. पण त्यांच्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. शिकवण्याची निम्मी जबाबदारी मालकाची, हे तिथे कायद्याने आणि रिवाजाने मान्य आहे. आपल्याकडे मालक म्हणतो, "तयार माणूस द्या." कॉलेज म्हणतं, "आम्ही पदवी दिली." मधल्या मध्ये पोरगं अडकतं.

सगळं 120 तासांवर अडलंय

आता तो ओजेटीचा आकडा परत घेऊ. 2024-25 ला पहिल्या वर्षाला बसलेली कॉमर्सची तुकडी 2026-27 मध्ये तिसऱ्या वर्षात असते. प्रत्येक मुलाला 120 तास कुठेतरी काम करायचं आहे. एका वर्गात 100 मुलं धरली तरी 100 जागा लागतात. एवढ्या जागा कोण देणार?

दोन गोष्टी होऊ शकतात. एक, कॉलेज आधीपासून यादी करेल. कुठे दोन मुलं, कुठे चार, काय शिकवायचं, रोज कोण सही करणार, शेवटी मुलाने काय दाखवायचं, हे लेखी ठरेल. दोन, शेवटच्या आठवड्यात मुलं ओळखीच्या दुकानदाराकडून 'सदर विद्यार्थ्याने आमच्याकडे काम केले' असं लेटरहेडवर लिहून आणतील आणि फाइल पूर्ण होईल. दुसरा रस्ता सोपा आहे, म्हणूनच त्याची भीती आहे. तो एकदा पडला की नव्या धोरणातलं 'कौशल्य' हे जुन्या जर्नलसारखं होईल. एकाने लिहायचं, बाकीच्यांनी उतरवायचं.

या 120 तासांसाठी पुण्याला जायची गरज नाही. टेंभुर्णी, बारामती, इंदापूरच्या एमआयडीसीत संधी आहेतच, पण रोजचं भाडं आणि मुलींच्या घरच्यांची काळजी बघता पहिली जागा अकलूजमध्येच शोधलेली बरी. आणि इथे शिकण्यासारखं खूप आहे :

- पतसंस्थेत कर्जाचं प्रकरण कसं तयार होतं, थकबाकी कशी मोजतात.
- बाजार समितीत आडत, तोलाई, हमाली लावून पट्टी कशी बनते.
- दूध संघात फॅट आणि एसएनएफवरून दर कसा निघतो, दहा दिवसांचं बिल कसं जुळवतात.
- हॉस्पिटलात मेडिक्लेमची कागदपत्रं आणि औषधांचा स्टॉक कसा ठेवतात.
- ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये पार्टचा साठा, फायनान्स आणि विम्याचं काम कसं चालतं.
- शेतकरी उत्पादक कंपनीत सभासदांचे शेअर, खरेदी आणि ऑडिट कसं होतं.
- पालखी मार्गाचा रस्ता झाल्यावर हॉटेल, धाबा, लॉज यांची खरेदी-विक्री कशी बदलली.

यातलं एक काम जरी मुलाने वीस दिवस नीट पाहिलं, तरी मुलाखतीत सांगायला त्याच्याकडे स्वतःचं काहीतरी असेल.

यूजीसीने 2025 मध्ये अॅप्रेंटिसशिप जोडलेल्या पदवीचे नियमही आणले. त्यात तीन वर्षांच्या पदवीतली एक ते तीन सत्रं प्रत्यक्ष कामावर घालवता येतात आणि विद्यावेतनही मिळतं. तालुक्याच्या ठिकाणी हे करायचं तर कारखाना, दूध संघ आणि कॉलेज यांनी एका टेबलावर बसावं लागेल. अकलूजमध्ये ते अवघड नाही. इथे ओळखी कमी पडत नाहीत, लेखी ठरवण्याची सवय कमी पडते.

स्वतःचा धंदा करायचा असेल तर

सगळ्यांना नोकरी करायची नसते. ज्यांना स्वतःचं काही सुरू करायचं आहे त्यांच्यासाठी पदवीपेक्षा छोटे कोर्स जास्त कामाचे ठरतात. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिला 'आरसेटी' म्हणतात. तिथलं प्रशिक्षण मोफत, राहणं-जेवणही मोफत. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे वर्ग असतात. 2024 मध्ये राज्यातल्या 1,000 कॉलेजांत आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्रं जाहीर झाली. आपल्या कॉलेजात असं केंद्र आहे का, आणि असेल तर त्यात कोणता कोर्स चालतो, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

कर्जाच्या योजनाही आहेत. पीएमईजीपी आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात गट आणि ठिकाणानुसार 15 ते 35 टक्के अनुदान मिळतं. अन्नप्रक्रियेला पीएमएफएमईमधून 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख. मराठा समाजातल्या तरुणांना अण्णासाहेब पाटील महामंडळाकडून व्याजाचा परतावा मिळतो. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे. त्यासाठी कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका.

पण बँकेचा मॅनेजर अनुदानाआधी प्रोजेक्ट रिपोर्ट बघतो. खर्च किती, विक्री किती, हप्ता कशातून भरणार? अनेक प्रकरणं इथेच अडकतात, कारण रिपोर्ट दुसऱ्याने बनवलेला असतो आणि अर्जदाराला त्यातला एक आकडाही सांगता येत नाही. स्वतःचा रिपोर्ट स्वतः लिहिता येणं, एवढं एक कौशल्य जरी कॉलेजने दिलं तरी फी वसूल झाली म्हणायची.

प्रवेश घेण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

कॉलेजच्या काउंटरवर पालक सहसा फी आणि स्कॉलरशिप एवढंच विचारतात. यापुढे हे पाच प्रश्नही विचारावेत. विचारायला लाजायचं कारण नाही, वर्षं आपल्या पोराची जाणार आहेत.

1. या अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची? विद्यापीठाची, एआयसीटीईची की खासगी संस्थेची? शेवटी मिळणारा कागद पदवीचा की सर्टिफिकेटचा?
2. व्हीएससीला नेमकं काय शिकवतात आणि त्यासाठी संगणक किती आहेत? एका संगणकावर किती मुलं बसतात?
3. ओजेटी कुठे करतात? ठिकाणांची यादी दाखवता का? करार लेखी आहे का?
4. मागच्या दोन-तीन वर्षांतली मुलं आज काय करतात? त्यांतल्या एक-दोघांशी बोलता येईल का?
5. मधेच थांबावं लागलं तर आतापर्यंतची क्रेडिट मिळतील का? एबीसी आयडी काढून देता का?

पाचपैकी तीन प्रश्नांना नीट उत्तर मिळालं, तर कॉलेज मनावर घेऊन काम करतंय असं समजायला हरकत नाही. "बघू, ते नंतर कळेल" असं उत्तर आलं, तर पुढच्या कॉलेजात जाऊन विचारायचं.

प्रश्न पालकांनी विचारायचे, तसेच दुकानदारांनी आणि संस्थाचालकांनीही स्वतःला विचारायचे आहेत. अकलूजच्या बाजारपेठेत "चांगलं माणूस मिळत नाही" ही तक्रार रोज ऐकू येते. त्याच बाजारपेठेतून पदवीधर पोरं रोज पुण्याची गाडी धरतात. आपल्या दुकानात, कार्यालयात, कारखान्यात वर्षातून वीस दिवस दोन पोरांना खुर्ची देणं ही मेहेरबानी नाही. उद्याचा माणूस तयार करण्याचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

तोवर घरच्या घरी एक गोष्ट करता येईल. कॉमर्सला असलेल्या पोराच्या किंवा पोरीच्या हातात या वर्षीची ऊसबिलाची पावती, दुधाचं बिल आणि सोसायटीच्या कर्जाचा उतारा द्या आणि सांगा, "वर्षाचा जमाखर्च मांडून दाखव." सुरुवातीला चुकेल. चुकू द्या. त्या एका कागदावरून त्याला आणि तुम्हाला, दोघांनाही कळेल की कॉलेजात काय शिकवलं जातंय आणि काय राहून जातंय.